२४ युनिटांची गाडी

बाबा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे आमच्या घरात गाडीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. मी टाटांची विजेवरची छोटी गाडी, टियागो ईव्ही, घेतली तेव्हा तो शब्द एवढाच होता : "बरी आहे, बाजारात जायला." मार्च २०२४ मध्ये आत्याने मालवणला बोलावलं आणि मी म्हटलं की हीच गाडी नेऊ. बाबांनी विरोध केला नाही. विजेवरच्या गाड्यांचं त्यांना वावडं नाही. १ जून २०२२ ला पुणे-नगर रस्त्यावर एसटीची विजेवरची बस 'शिवाई' सुरू झाली, तेव्हा ते मुद्दाम ती बघायला गेले होते, कारण १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती त्याच रस्त्यावर. पण शिवाई ती शिवाई. ही एवढीशी चिमणी घाट चढून उतरून परत येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

आदल्या रात्री ते पार्किंगमध्ये आले, डिकी उघडली, खालची चटई उचलली आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"स्टेपनी कुठंय?"

"नाहीये बाबा. पंक्चर दुरुस्तीचं किट दिलंय."

"स्टेपनी नाही," ते म्हणाले. मग वर जाऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले : ठिकाण, वेळ, किलोमीटर, टक्के, शेरा. लॉगशीट.

पहिला दिवस : पुणे ते कोल्हापूर

पहाटे साडेपाचला निघालो. बॅटरी १०० टक्के. पुढचं सगळं या हिशोबावर चाललं, म्हणून आधी तोच सांगतो. बॅटरी २४ किलोवॉट-अवरची आहे. आपल्या लाइट बिलाच्या भाषेत २४ युनिटं. कंपनीने कागदावर दिलेली रेंज ३१५ किलोमीटर, पण ती प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीची. माझ्या अनुभवात हायवेवर पंच्याहत्तरने चालवली तर दोनशेच्या आसपास मिळते. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशेच्या वर, म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच.

खंबाटकीपर्यंत बाबा गप्प होते. तेव्हा जाताना घाट चढावाच लागायचा, आणि पहाटेची ट्रकची रांग होतीच. एक ट्रक पहिल्या गियरात कण्हत होता. मी बाजूची मोकळी जागा बघून पाय दाबला आणि गाडी आवाज न करता सुळकन पुढे गेली. बाबांनी डॅशबोर्डला हात लावला. गाडी काही राक्षस नाही. ५५ किलोवॉटची मोटर, म्हणजे साधारण ७४ अश्वशक्ती. पण ११४ न्यूटन-मीटरचा जोर चाक हललं की लगेच हाताशी असतो, इंजिनासारखं आधी फिरून फिरून वर यावं लागत नाही. शून्य ते साठ ५.७ सेकंदांत जाते असं कंपनी म्हणते, आणि सिग्नलला ते खरं वाटतं. साठच्या पुढे मात्र ही जादू ओसरते. ऐंशीवरून शंभरला जाताना ती इतर कुठल्याही छोट्या गाडीसारखीच आहे.

"गियर टाकलास का आत्ता?"

"गियर एकच आहे."

यावर त्यांनी पाच-सहा किलोमीटर विचार केला असावा.

साताऱ्यात ४६ टक्के. पुढे रुंदीकरणाची कामं, दर थोड्या अंतरावर वळणरस्ता, धूळ. त्या संथ रांगेत गाडीने वीज वाचवलीच. कराडच्या आसपास एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता, तिथे पोचलो तेव्हा २१ टक्के उरले होते. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं. बाबांनी ते वाचलं आणि मनातल्या मनात गुणाकार केला : "म्हणजे वीस मिनिटांत फुल?" नाही. चार्जर कितीही मोठा असला तरी गाडी घ्यायचं तेवढंच घेते. दहा ते ऐंशी टक्क्यांना कंपनी ५८ मिनिटं सांगते, म्हणजे जेमतेम १७ युनिटं तासाभरात. पडद्यावर आकडा १७.४ वर येऊन बसला आणि तिथेच राहिला. लहान बॅटरीची गंमत अशी की ती हळू भरत असली तरी भरायचं असतंच थोडं. आमचा नाश्ता, दोन चहा आणि बाबांची बाहेरची फेरी एवढ्यात ८५ झाले.

त्या तासात स्टेपनीचा विषय पुन्हा निघाला. मी त्यांना सांगितलं की ही गाडी जन्मतः विजेची नाहीच. टियागो २०१६ मध्ये पेट्रोल-डिझेलवर आली. सांगाडा तोच ठेवून इंजिन काढलं आणि बॅटरीला जागा शोधायची वेळ आली. मागच्या सीटखाली जिथे टाकी होती तिथे एक हिस्सा गेला आणि डिकीच्या तळाशी जिथे स्टेपनी बसायची तिथे दुसरा. सामानाची जागा जवळजवळ तेवढीच राहिली, चाक गेलं.

"आणि मुळापासून विजेची केली असती तर?"

तशीही झाली आहे, आपल्याकडेच. बंगळुरूच्या चेतन मैनींची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा आपल्याला वीजगाडी म्हणजे खेळणं वाटायचं. ती होतीही खेळण्याएवढी : दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन लहान मुलं. सीटखाली शिशाच्या आठ बॅटऱ्या आणि एका चार्जमध्ये साधारण ८० किलोमीटर. इथे फारशी कुणी घेतली नाही, पण लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने ती २००४ पासून खपली, कारण तिथे शहराच्या मध्यात शिरायचा कर तिला माफ होता. युरोपातल्या नियमांप्रमाणे ती मोटारगाडी नव्हतीच, क्वाड्रिसायकल होती, म्हणजे हलक्या चारचाकीच्या वेगळ्या वर्गातली. २०१० मध्ये महिंद्रांनी कंपनी घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ आली, तीही फार चालली नाही. माझं मत असं की लोकांना विजेची गाडी नको होती असं नाही. त्यांना गाडीसारखी दिसणारी गाडी हवी होती. चार दारं, चार माणसं, डिकी. टाटांचा रस्ता उलटा होता. २०१७ मध्ये सरकारी कामासाठी दहा हजार विजेच्या गाड्यांचं टेंडर निघालं, त्यात त्यांची टिगोर गेली, म्हणजे चुका करायच्या त्या आधी सरकारी गिऱ्हाइकावर. मग जानेवारी २०२० मध्ये विजेची नेक्सॉन, आणि २८ सप्टेंबर २०२२ ला ही, सुरुवातीची किंमत ८.४९ लाख. बुकिंग उघडलं त्या एका दिवसात दहा हजार गाड्या नोंदल्या गेल्या.

बाबांनी हे सगळं ऐकून लॉगशीटवर लिहिलं : "कराड. २१ ते ८५. ५६ मि." शेऱ्यात काहीच नाही.

कोल्हापूरला बाबांचे जुने कंडक्टर राहतात. बाबा त्यांना अजून मास्तर म्हणतात, ते बाबांना डायव्हरसाहेब. त्यांच्या अंगणातल्या १५ अँपिअरच्या प्लगला रात्रभर गाडी लावली. मास्तरांनी बॉनेट उघडायला लावलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "मोकळंच हाय की हो हे! माणूस कुठं काम करायचा?"

दुसरा दिवस : कोल्हापूर ते मालवण

करूळ घाट कामासाठी बंद होता, म्हणून राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. आज गाडी बाबांच्या हातात. मी शेजारी बसून आकडे बघणार असं ठरलं.

एसटीच्या ड्रायव्हरला डिझेलच्या ॲव्हरेजवर तोलतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते त्या माणसाच्या पायात कसं मुरलेलं असतं हे मात्र त्या दिवशी समजलं. बाबा ब्रेक जवळजवळ मारतच नव्हते. पुढचं वळण, पुढचा गतिरोधक, पुढची म्हैस त्यांना माझ्याआधी दिसायची आणि पाय आपोआप उचलला जायचा. ही गाडी त्या उचललेल्या पायाचे पैसे देते. पाय काढला की मोटरच जनित्र होते, चाकं तिला फिरवतात आणि वीज परत बॅटरीत जाते. हा परतावा किती जोराचा हवा, त्याच्या शून्यापासून तीनपर्यंत पायऱ्या आहेत. मी आळशासारखा एकवर ठेवून चालवायचो. बाबांनी अर्ध्या तासात ओळखलं की सपाटीला शून्य बरा, गाडी आपली वाहत राहते, आणि उताराला तीन.

"हे म्हणजे आमचं गियरात उतरणं," ते म्हणाले. घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवणाऱ्याला ते ड्रायव्हर मानत नाहीत. ब्रेक तापून निकामी झालेले त्यांनी पाहिले आहेत. फरक एवढाच की बसमध्ये गियरात उतरताना ती सगळी ताकद इंजिनाच्या उष्णतेत जायची.

दाजीपूरच्या पुढे घाटमाथ्याला आलो तेव्हा ६० टक्के होते. माथ्यापासून खालचं फोंडा गाव पाचशे-साडेपाचशे मीटरने खाली. मी मोबाइलवर गणित केलं : गाडी, आम्ही दोघं आणि आत्यासाठी घेतलेला गूळ मिळून तेराशे-साडेतेराशे किलो. ते वजन एवढं खाली येताना साधारण दोन युनिटांएवढी ऊर्जा सुटते. रस्त्याचं घर्षण आणि हवा आपला वाटा घेणार, मोटर आणि बॅटरी आपली दलाली घेणार, हातात एक युनिट आलं तरी पुष्कळ. खाली उतरलो तेव्हा पडद्यावर ६४ होतं. चार टक्के म्हणजे जेमतेम एक युनिट. घाटभर बाबांचा ब्रेकवर पाय मी तीन वेळा मोजला. त्यातला एक माकडासाठी.

(घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी १०० टक्क्यांनी उतरायला लागणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. भरलेल्या बॅटरीत परत टाकायला जागाच नसते, मग गाडी तशी रोखत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.)

मालवणला ३६ टक्के. दीडशेच्या वर किलोमीटर ६४ टक्क्यांत. आदल्या दिवशी माझ्या हातून तेवढ्याच अंतराला ७९ गेले होते. बाबांनी दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहिल्या. बोलले नाहीत.

आत्या पडवीत होती. "इलात? गाडयेचो आवाजच येना नाय. माका वाटला, चलत इलास."

तिसरा दिवस : मालवण, आणि अर्थिंग

या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही आणि हाच दिवस सगळ्यात मोठा झाला.

रात्रीच गाडी लावायला गेलो होतो. पोर्टेबल चार्जरचा डबा आत्याच्या पंपाच्या प्लगला जोडला आणि डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. काढला, लावला, पुन्हा लाल. अर्थिंग नाही. आत्याचं म्हणणं की याच प्लगवर पंप वीस वर्षं चालतोय. पंपाला अर्थिंग नसल्याची फिकीर नसते. गाडीला असते, आणि कारण सरळ आहे. गाडी रबराच्या चार चाकांवर उभी. समजा कुठे बिघाड होऊन बॉडीत करंट उतरला, तर जमिनीत जायला त्याला वाटच नाही, आणि मग ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस ती वाट होतो. म्हणून चार्जर आधी अर्थची तार तपासतो आणि ती ठीक नसेल तर सरळ नकार देतो.

सकाळी वायरमन आला. त्याने कसलंही मीटर काढलं नाही. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला : बल्ब लख्ख. मग दुसरं टोक अर्थच्या भोकात : बल्बची तार नुसती निखाऱ्यासारखी तांबडी झाली, उजेड नाही. "बघा," तो म्हणाला, "अर्थ आसा, पण नावापुरतो."

तार भिंतीवरून उतरून मागीलदारी धुण्याच्या दगडाजवळ जमिनीत जात होती. तिथे लोखंडी पाइप, आणि पाइपला तार जिथे आवळली होती तो जोड खारट हवेने इतका खाल्लेला की बोटाने चुरा पडला. त्याने तो कापला, पाइपचं टोक कानशीने पांढरं होईपर्यंत घासलं, नवी तार दोन वेढे देऊन नट-बोल्टने आवळली. पुन्हा बल्ब. थोडा बरा, पण पिवळटच. मग त्याने पाइपभोवतीची जमीन बघितली. जांभा. मार्चमधला जांभा म्हणजे भट्टीतून काढलेली वीट, आणि कोरड्या जांभ्यात वीज पसरत नाही. पाइपभोवती हात-दीड हात खोल खणलं, आत्याच्या चुलीचा कोळसा फोडून घातला, त्यात जाडं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओलीतून वीज जाते.

"आता पाणी घाला," तो म्हणाला, आणि बाबा विहिरीकडे गेले.

एक बादली. जमिनीने आवाज करत पिऊन टाकली. दुसरी. तिसरी. पाचव्या बादलीला आत्या बाहेर आली.

"अरे, गाडयेक पाणी कित्याक घालतंस? त्यापरास त्या माडाक घाल!"

"गाडयेक न्हय, जमनीक," बाबा म्हणाले. पुण्यात त्यांच्या तोंडून मालवणी ऐकायला मिळत नाही. आत्याच्या अंगणात पाय ठेवला की आपोआप सुरू होते.

आठव्या बादलीनंतर बल्ब लख्ख पेटला. चार्जर लावला : हिरवा. बाबांनी बादली उपडी ठेवली आणि लॉगशीटवर लिहिलं, "मालवण. पाणी ८ बादल्या."

घरच्या प्लगवर गाडी ताशी अडीच युनिटांच्या आसपास घेते, त्यामुळे संध्याकाळ झाली. आत्याने मीटरचा आकडा आधी आणि नंतर पाहून ठेवला होता : सतरा युनिटं. बॅटरीत गेली साधारण साडेपंधरा, उरलेली वाटेत उष्णता होऊन गेली. युनिटमागे दहा रुपये धरले तरी एकशे सत्तर. तिने पैसे घेतले नाहीत, पण एवढ्यात तुम्ही खरंच कोल्हापूरला पोचणार का, असं दोनदा विचारलं. जाताना बाबांनी वायरमनला अर्थिंगच्या खड्ड्याचं पुन्हा विचारून घेतलं. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली. आत्याच्या पंपालाही आता ती हवीच होती.

चौथा दिवस : मालवण ते कोल्हापूर, आंबोलीमार्गे

येताना उतरलो होतो त्याची परतफेड आज होती. सावंतवाडीपर्यंत काही विशेष नाही, ७७ टक्के. तिथून आंबोली तीस किलोमीटर आणि सहाशे मीटर वर. सपाटीवर तीस किलोमीटरला अकरा-बारा टक्के गेले असते, इथे वीस गेले. त्यात गाडीचा दोष नाही. तेवढं वजन तेवढं वर न्यायचं तर सव्वादोन युनिटं निसर्गाला द्यावीच लागतात, मग इंधन कुठलंही असो. पेट्रोलच्या गाडीत हे आपल्याला काट्यावर दिसत नाही इतकंच. इथे प्रत्येक वळणाला एक टक्का गळताना दिसतो आणि माणूस घाबरतो.

चढताना जोर मात्र कुठेही कमी पडला नाही. बाबा प्रत्येक वळणावर हॉर्न देत होते, कारण समोरच्याला इंजिनाचा आवाज ऐकू येणार नाही हे त्यांनी मनाशी धरलं होतं. आंबोलीत धुकं नव्हतं, चहा होता.

आजऱ्याच्या अलीकडे ॲपवर एक चार्जर हिरवा दिसत होता. तिथे पोचलो तर पडदा काळा. फोन लावला, त्यांनी दुरून चालू करायचा प्रयत्न केला, दहा मिनिटांनी दिलगिरी व्यक्त केली. आजूबाजूला काजूची झाडं आणि एक कुत्रं. उरले होते ४७ टक्के आणि कोल्हापूर सुमारे नव्वद किलोमीटर. दोनशेच्या हिशोबाने हे काठावर पोचणं झालं, तेही सगळं सुरळीत गेलं तर.

"मी चालवतो," बाबा म्हणाले. चालवत तेच होते, फक्त आता त्यांनी एसी बंद केला, चप्पल काढली आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

पुढचे दोन तास गाडीत कुणी बोललं नाही. पन्नास-पंचावन्न. मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट. उत्तूर, मग निपाणी, म्हणजे कर्नाटकचा एक कोपरा, तिथे हायवेला लागलो तेव्हा २५. हायवेवर सगळे शंभरने जातात आणि आपण साठने जायचं याला एक प्रकारचं बेशरमपण लागतं. मला ते जमलं नसतं. बाबांनी उसाने भरलेला एक ट्रक बघून ठेवला आणि सुरक्षित अंतर ठेवून त्याच्या मागून शांत चालत राहिले, जणू हीच आपली ड्यूटी. मास्तरांच्या दारात १२ टक्के.

"चहा ठेवा," बाबा मास्तरांना म्हणाले, "आणि प्लग कुठंय तो?"

पाचवा दिवस : कोल्हापूर ते पुणे

मला संध्याकाळी ऑफिसचं काम होतं म्हणून मी चालवायला बसलो आणि पंच्याण्णवने हाणली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलो होतो, कराडला पुन्हा शिकलो : पंच्याहत्तर किलोमीटरला ४८ टक्के. युनिटला सात किलोमीटरही पडले नाहीत, बाबांना आदल्या दिवशी दहाच्या वर मिळाले होते. कराडला थांबलो नाही, तर साताऱ्यात रांगेत थांबावं लागलं. पुढे एक गाडी, तिचा मालक जेवायला गेलेला. वेगाने जी वीस मिनिटं वाचवली होती ती तिथे पन्नास होऊन गेली. बाबा मागच्या सीटवर झोपले होते, निदान डोळे मिटलेले होते.

घरी पोचल्यावर त्यांनी लॉगशीट पूर्ण केली. माझ्या ओळी आणि त्यांच्या ओळी वेगवेगळ्या शाईत. शेऱ्याचा रकाना खालपर्यंत रिकामाच होता, तिथे चष्मा लावून त्यांनी सावकाश लिहिलं : "गाडी चांगली. ड्रायव्हर बदलावा. स्टेपनी नाही."